निशिगंध: लग्नाच्या मांडवात चालतो का, टिकवायचा कसा, उरला तर काय करायचं?

केवडा_फोंडा

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या सभागृहात. वधूवरांचे हार, मांडवाची चौकट आणि जेवणाच्या टेबलांवरची फुलं, सगळं निशिगंधाचं करावं अशी मुलीची फार इच्छा आहे. पांढरा निशिगंध, मधे अबोलीचा पट्टा आणि आंब्याचे टाळे, बस. प्लास्टिकची फुलं तिला नकोतच.

बोलणी करायला बसलो तेव्हा व्याह्यांकडच्या आत्याबाई म्हणाल्या, "निशिगंध नको गो, तो फोटोला घालतात." कुठल्या फोटोला ते सांगावं लागलं नाही. आत्याबाई वयानं मोठ्या आहेत, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण हे फूल मंगलकार्यात वर्ज्य आहे असं कुठे आहे का? आणि दुसरं, बाजारातून आणलेल्या दांड्यांच्या वरच्या निम्म्या कळ्या उमलतच नाहीत, तशाच पिवळ्या पडतात. आमच्याकडच्या दमट हवेत त्या टिकवायच्या कशा? आणि लग्नानंतर उरलेल्या फुलांचं काय करता येईल? तिन्ही गोष्टींवर कुणी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

मांडवीकाठ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश लोक तिथं पोचल्यावर तो युरोपात आला आणि तिथून समुद्रमार्गे आपल्याकडे. म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी आपल्या कुणी हे फूल पाहिलेलंच नव्हतं. त्यामुळे जुन्या ग्रंथात नाव घेऊन त्याला मंगलकार्यात मनाई असणं शक्यच नाही. अमुक फूल अमुक देवाला चालत नाही हे नियम आहेत, पण ते केतकीसारख्या इथल्या जुन्या फुलांबद्दलचे.

दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही तो झेंडूही मेक्सिकोचाच. देवळाच्या तळीकाठी उभा असतो तो खुरचाफाही त्याच बाजूचा. गोव्यात तर हे नवल वाटायचं कारण नाही, काजू आणि मिरचीसुद्धा तशाच समुद्रावरून आल्या. आल्यावर आपण त्यांना आपल्या रीतीत जागा दिली. निशिगंधाला आपण दोन जागा दिल्या, एक बोहल्यावर आणि एक भिंतीवरच्या तसबिरीवर.

दोन्हीकडे तोच का, याचा विचार केला तर कारण मला अगदी व्यवहाराचं दिसतं. फूल पांढरं आहे. नळीसारखं लांबट असल्यामुळे सुईत सरळ ओवलं जातं आणि हाराला भरीवपणा येतो. पाण्याशिवाय दिवसभर तग धरतं. आणि तोडल्यानंतरही त्याचा वास येत राहतो, संध्याकाळी उलट वाढतो. लग्नाला हेच गुण हवेत आणि अंत्यदर्शनालाही हेच. म्हणून ते दोन्हीकडे गेलं. अर्थ नंतर येऊन चिकटला.

आपल्याकडे देवळात प्रसाद-पाकळी लावतात. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर कौल ठरतो. फूल कुठल्या जातीचं यावर होकार-नकार ठरत नाही. आत्याबाईंना हे असं सांगून बघा, त्यांना पटण्यासारखं आहे.

हावडा_ते_हरमल

मी मूळचा पेडण्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं बंगालात. इथं निशिगंधाशिवाय लग्न होत नाही. नवरदेवाची गाडी, नवरा-नवरीचे हार, रात्रीची फुलशय्या, सगळीकडे रजनीगंधा. पांसकुडा, कोलाघाट, राणाघाट या पट्ट्यात त्याची मोठी शेती आहे आणि हावड्याच्या पुलाखालच्या मल्लिकघाट बाजारात पहाटे त्याचे ढीग उतरतात. त्याच ढिगातून कुणी सत्काराला नेतो, कुणी स्मशानात. एकाच फुलवाल्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं शेजारी उभी असतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

इराणातही हे लग्नातलं आवडतं फूल आहे. इंडोनेशियात पूर्व जावा प्रांतानं तर त्याला आपलं प्रांतिक फूल केलंय आणि तिथले चिनी लोक नववर्षाला ते घरात ठेवतात. स्पेनमध्ये सेव्हिल शहरात १५ ऑगस्टच्या सणाला मेरीची मूर्ती निघते ती निशिगंधाच्या फुलांनी सजलेली असते. उलट व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात फुलांच्या अर्थांची कोष्टकं छापायची टूम निघाली, त्यात निशिगंधाला 'धोक्याचं सुख' असा अर्थ दिलेला सापडतो. इतक्या अर्थांपैकी खरा कुठला म्हणायचा? मी तर म्हणेन, जो तुमच्या मांडवात ठरेल तो.

सांज_वास्को

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे.

ग्रंथात मनाई नाही म्हणून आत्याबाईंची भावना पोकळ ठरत नाही. वास आणि आठवण यांचं नातं फार घट्ट असतं. माझे बाबा गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत निशिगंधाच्या हारांचा ढीग होता. मे महिना, पंखा बंद, दारं बंद. अजूनही तो वास बंद खोलीत आला की माझा घसा दाटतो. मोकळ्या अंगणात आला तर काही होत नाही. म्हणून सुचवते की त्यांना शास्त्र समजावण्याआधी त्यांना नेमकं काय नको आहे ते विचारा. फूल नको आहे, वास नको आहे, की नवरीच्या गळ्यात नको आहे? उत्तर बहुतेक वेळा आपण समजतो त्यापेक्षा लहान असतं.

मडगावचा_मास्तर

सांज_वास्को यांच्याशी सहमत. आणि वासाचं म्हणाल तर तो या फुलात खरोखरच जबर आहे. मूळ देशात निशिगंधाचं परागण रात्री उडणारे लांब सोंडेचे पतंग करतात. अंधारात पांढरा रंग दिसावा आणि लांबून वास यावा अशीच त्याची रचना, म्हणून तिन्हीसांजेनंतर तो वाढतो. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या त्रियानों महालाच्या बागेत निशिगंध इतका लावला होता की वास असह्य होऊन राजासकट सगळ्यांना बागेतून निघून जावं लागे, अशी त्याच्या दरबाऱ्यानं केलेली नोंद आहे. दमा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्यांच्या झोपायच्या खोलीत रात्री या दांड्या ठेवू नयेत. जेवणाच्या टेबलावर तर मी कधीच ठेवणार नाही. सोलकढीचा आणि निशिगंधाचा वास एकत्र आला की दोन्हींचं मातेरं होतं.

आता कळ्या न उमलण्याबद्दल. कळी उमलायला साखर लागते. झाडावर असताना ती पानांकडून आणि कंदाकडून येते. दांडी कापली की तो पुरवठा संपतो. दांडीत उरलेल्या साठ्यावर खालच्या कळ्या उमलतात आणि वरच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून पाण्यात थोडी साखर घातली की वरच्याही बऱ्याच उमलतात.

पण नुसती साखर घातली तर पाण्यात जिवाणू वाढतात, दांडीच्या बारीक नळ्या बुजतात आणि फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. आपल्या हवेत हे एका दिवसात होतं. म्हणून साखरेबरोबर पाणी थोडं आंबट करायचं आणि जिवाणू मारायचे. घरगुती प्रमाण: एक लिटर पाण्याला साधारण २० ग्रॅम साखर (चहाचे चार चमचे), दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांना वापरतात त्या ब्लीचचे अगदी थोडे थेंब.

इथं एक सक्त सूचना. ब्लीच आणि लिंबाचा रस भांड्यात एकमेकांवर कधीही ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी भरपूर पाणी, त्यात साखर आणि रस विरघळवायचा, शेवटी थेंब टाकायचे, खिडकी उघडी ठेवून. घरात लहान मुलं असतील तर ब्लीच सोडून द्या, त्याऐवजी रोज पाणी बदला आणि भांडं साबणानं घासा. रोज बदललेलं साधं पाणी हे विसरून गेलेल्या औषधी पाण्यापेक्षा केव्हाही चांगलं. ओपाच्या जलकेंद्रातून येणारं नळाचं पाणी चालतं, त्यात मुळात थोडं क्लोरीन असतंच.

केवडा_फोंडा

मास्तर, खूप आभार. आमच्या शेजारणी पाण्यात ॲस्पिरिन आणि तांब्याचं नाणं टाकायला सांगतात. एकजण म्हणाली नारळपाणी घाला. ते कितपत खरं?

मडगावचा_मास्तर

ॲस्पिरिननं पाणी किंचित आंबट होतं, तेवढाच फायदा, तो लिंबानं स्वस्तात मिळतो. तांबं जिवाणू मारतं हे खरं, पण नाणं टाकून विरघळणारं तांबं फारच थोडं. नारळपाण्यात साखर आहे खरी, पण ते उघड्यावर किती लवकर आंबतं ते आपण सगळे जाणतो. फुलदाणीत ते अर्ध्या दिवसात बुळबुळीत होईल. नारळपाणी माणसांना प्यायला द्या.

म्हापसा_सजावट

माझा हा धंदाच आहे, म्हणून खरेदीपासून सांगतो.

गोव्यात निशिगंध जवळजवळ सगळा घाटावरून येतो. रात्री बेळगावकडून गाड्या निघतात, पहाटे म्हापसा, पणजी, मडगावला उतरतात. तुमच्या हातात येईपर्यंत दांडीनं कापल्यापासून बरेच तास काढलेले असतात. त्यामुळे उशिरा जाऊन उरलेल्या जुड्या उचलू नका, पहाटेच जा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो नाहीतर रोजचा, नियम तोच.

दोन जाती ध्यानात ठेवा. एकेरी फुलाचा निशिगंध हारासाठी आणि वेणीसाठी, तो सुटा, किलोवर विकतात. वास त्याचाच जास्त. दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचा निशिगंध दांडीवर विकतात, नगावर किंवा जुडीवर, कारण तो मजबूत असतो आणि फुलदाणीत शोभतो. कळीवर गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका, काही वाणांत ती मुळातच असते. पुष्कळ लोक दांड्या आणून फुलं तोडतात आणि हार करतात. तो महाग पडतो आणि वासही कमी येतो.

दांडी घेताना खालची एक ते तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्या हव्यात. सगळ्या कळ्या हिरव्या आणि मिटलेल्या असतील तर ती दांडी फार लवकर कापलीय, ती घरी उमलणार नाही. निम्मी फुलं उमललेली असतील तर ती आजच्या कार्यक्रमाला बरी, उद्याला नाही. दांडीचं खालचं टोक बघा, तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर सोडा. निळ्या-जांभळ्या रंगात बुडवलेल्या दांड्या घेऊ नका. रंग पाण्यातून वर चढवलेला असतो आणि घामानं, पाण्यानं तो शालूला लागतो. नवरीच्या शालूवर तसा डाग पडलेला मी बघितलाय.

घरी आणल्यावर आधी सावलीत न्या. पाण्यात बुडणारी पानं काढा. धारदार सुरीनं टोक तिरकं, दोनेक सेंटिमीटर कापा आणि ताबडतोब बादलीत, गळ्यापर्यंत पाण्यात. दोन-तीन तास हात लावू नका, दांडी पाणी पिऊन ताठ होऊ द्या. मग शेंड्याच्या अगदी बारीक तीन-चार कळ्या खुडून टाका. त्या काही केल्या उमलत नाहीत, उगाच ताकद खातात. खालची फुलं सुकत जातील तशी रोज काढत जा. एवढं केलं तर आपल्याकडेही दांडी पाच ते सात दिवस छान राहते.

दांड्या फळांच्या घडाशेजारी ठेवू नका. पिकणारी केळी, आंबे, पपई यांतून जो वायू निघतो त्यानं फुलं लवकर माना टाकतात. पूजेच्या ताटात फळं आणि फुलं एकत्र ठेवणं वेगळं, पण रात्रभर त्याच बंद खोलीत नको. फ्रीजमध्ये तीनचार दिवस कोंबून ठेवायची सवयही सोडा. थंडीत ठेवून काढलेल्या दांड्यांच्या कळ्या नंतर नीट उमलत नाहीत. निशिगंध साठवायचं फूलच नाही, लागेल त्याच्या आदल्या दिवशी आणायचं.

तुमच्या तारखेबद्दल एक काळजी आहे. थंडी पडली की निशिगंधाचं उत्पादन उतरतं, भरघोस येतो तो पावसाळ्यात. आणि नेमकं त्याच वेळी ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या चर्चचं फेस्त (वार्षिक सण), ८ डिसेंबरला पणजीचं, शिवाय दोन्ही समाजांतली लग्नं. चर्चच्या वेदीलाही निशिगंधाच्या दांड्या लागतात, ख्रिस्ती लग्नातही लागतात आणि मयताच्या पुष्पचक्रालाही. माझ्या दुकानात एकाच बादलीतल्या दांड्या सकाळी एका घरी रडत जातात आणि दुपारी दुसऱ्या घरी नाचत जातात. बादली भरताना मला त्यांत कधी फरक करावासा वाटला नाही. सांगायचं ते हे की सुटी फुलं तरी आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी दर बोलायला जागा राहत नाही.

सांज_वास्को

म्हापसा_सजावट, तुम्ही फुलं खोचायला तो हिरवा स्पंज वापरता का? तो कुजत नाही असं वाचलंय.

म्हापसा_सजावट

बरोबर वाचलंय. तो प्लास्टिकचाच प्रकार, चुरा होऊन मातीत, पाण्यात जातो. मी चौकटींसाठी केळीचा गाभा वापरतो. खांब आडवा ठेवायचा, सळईनं भोक पाडायचं आणि दांडी खोचायची. गाभ्यात पाणी असतं, त्यामुळे एक दिवस आरामात निघतो. आमचे वडील नवरात्रात मखराला असंच करायचे. जड होतं खरं, बांबू भक्कम लागतो. पण काम झालं की गुरांना घाला नाहीतर खतात टाका, कचरा राहत नाही.

परसातली_दिचोली

हारांबद्दल थोडं. माझी आई गजरे, वेण्या करून विकायची, तिच्याकडून शिकलेलं सांगते.

लग्नाच्या हाराला उमललेलं फूल घ्यायचंच नाही. त्याच सकाळी तोडलेली टपोरी कळी घ्यायची, जी संध्याकाळी उमलणार आहे. हार दुपारी हलका दिसतो आणि मुहूर्ताला भरतो. संध्याकाळचं लग्न असेल तर हे फार सुंदर दिसतं, सकाळचं असेल तर आदल्या संध्याकाळच्या कळ्या घ्या. ओवताना सुई देठाकडून नळीतून सरळ काढायची, आडवी टोचली की कळी तिथंच काळी पडते. केळीच्या सोपाचा दोर भिजवून त्यात बांधलेली वेणी दोऱ्यापेक्षा जास्त वेळ ताजी राहते. तयार हार पाण्यात बुडवायचे नाहीत. ओला, पिळलेला सुती कपडा, त्यावर केळीचं पान, त्यात हार, वरून पुन्हा पान. टोपलीत ठेवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की घाम येतो आणि पाकळ्या पारदर्शक होतात.

अबोलीबद्दल. रंग अगदी खुलून दिसतो, पण अबोलीला वास नाही आणि ती निशिगंधापेक्षा नाजूक. पट्टा निशिगंधाच्या आतल्या बाजूला, गळ्याला घासणार नाही असा घ्या. आणि नवरीचा हार फार जाड करू नका. निशिगंध ओला असतो, हार जड होतो, दोन तास मान वाकते.

केवडा_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांज_वास्को, तुमचं ऐकून मी फोन न करता स्वतः गेले आणि आत्याबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, हाराला माझी ना नाही, माझ्या लग्नातही निशिगंधच होता. पण जेवायला बसल्यावर तो वास नको, घास गिळत नाही. बाकी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. म्हणजे हार आणि मांडवाची चौकट निशिगंधाची, चौकट बाहेर उघड्यावर. टेबलांवर नुसते आंब्याचे टाळे आणि सुपारीची शिपटी. मास्तरांनीही तेच सांगितलं होतं.

आता शेवटचा प्रश्न. उरलेल्या फुलांचं अत्तर किंवा तेल घरी काढता येतं का? मुलीला तिच्या हारातलं काहीतरी सोबत न्यायचं आहे.

मडगावचा_मास्तर

ही इच्छा मला फार आवडली.

गुलाबासारखं वाफेवर निशिगंधाचं अत्तर निघत नाही, उष्णतेनं त्याचा वास बिघडतो. फ्रान्समध्ये ग्रास गावी याची एक जुनी पद्धत होती. काचेच्या तावदानावर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुलं पसरायची, वास चरबीत उतरला की ती काढून नवी फुलं. असं कित्येकदा. मोगरा-जाईप्रमाणे निशिगंध तोडल्यावरही वास तयार करत राहतो, म्हणून ही पद्धत त्याला जमली. आता कारखान्यांत विद्रावकानं अर्क काढतात. आपल्याकडे तामिळनाडू आणि कर्नाटकात एकेरी फुलांपासून असा अर्क निघतो आणि तो परदेशी अत्तरांत जातो. शेकडो किलो फुलांतून हाती येणारा शुद्ध अर्क इतका थोडा की त्याची किंमत ऐकूनच कळतं.

घरी करायचं तर चरबीऐवजी गोठलेलं खोबरेल घ्या. डिसेंबरात पहाटे आपल्याकडेही ते थिजतं. दिवसा वितळू नये म्हणून घरातली सगळ्यात थंड जागा बघा किंवा त्यात थोडं मेण वितळवून मिसळा. पसरट ताटलीत बोटाच्या पेराएवढा थर, त्यावर कोरडी, पाणी न मारलेली फुलं उपडी ठेवायची, वर दुसरी ताटली झाकायची. रोज फुलं बदलायची. पाण्याचा थेंब गेला तर तेल खवट होतं आणि बुरशी येते, तेवढं जपा. आठवडाभरानं जे होईल त्याला बाजारी अत्तराचा जोर नसेल, पण ओळखीचा वास नक्की असेल. लहान डबीत भरून अंधाऱ्या जागी ठेवा. त्वचेला लावण्याआधी मनगटावर थोडं लावून एक दिवस बघा.

सुकवलेली फुलं मात्र निराश करतात, तपकिरी होतात आणि वास राहत नाही. आणि एक, हे फूल किंवा त्याचा कंद खाण्यात वापरू नका. बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

म्हापसा_सजावट

उरलेले हार नदीत सोडू नका, एवढी विनंती. दोरा आणि जरी काढून टाका, फुलं माडाच्या आळ्यात पसरा, वर झावळ्या टाका. माती त्यांना पावसाआधी संपवते.

हावडा_ते_हरमल

उरलेल्या दांड्या मातीत खोचल्या तर फुटतात का? आमच्या पेडण्याच्या घरी परसात जागा आहे. आईला हवा आहे.

परसातली_दिचोली

नाही फुटत. दांडी म्हणजे फक्त फुलाचा तुरा, कंद शेतातच राहिलेला असतो. कंदच आणावे लागतात, लसणीच्या गड्ड्याएवढे, टणक, बोटानं दाबून न दबणारे.

कंद लावल्यावर बरेच लोक तक्रार करतात की पहिल्या वर्षी फुललं, मग नुसतं गवत माजलं. त्याचं कारण या झाडाच्या घराण्यात आहे. निशिगंध आणि आपल्या बांधावरची घायपात एकाच कुळातली. आता तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२० पासून त्याला घायपातीच्याच प्रजातीत घातलंय. घायपात आयुष्यात एकदाच फुलते, मग मरते आणि बाजूला पिल्लं ठेवून जाते. निशिगंधाचा कंदही तसाच, एकदा तुरा दिला की त्याचं काम संपतं. बाजूची पिल्लं वाढून मोठी व्हावी लागतात, मग ती फुलतात. दाटी झाली तर सगळीच बारीक राहतात आणि पानांखेरीज काही मिळत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांनी उकरून, मोठे कंद वेगळे काढून पुन्हा लावायचे, बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात वाढवायची.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पाणी साचलं की कंद कुजतो. जांभ्याच्या मातीत निचरा वरवर बरा वाटतो, पण खाली कातळ असला की पाणी तिथं थांबतं. त्यामुळे वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. माती, शेणखत आणि जाडी रेती सारखी घ्या. रेती नदीची, समुद्राची नको, मिठानं मुळं जळतात. कंद चार-पाच सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. उन्हाची जागा हवी, माडाखालच्या दाट सावलीत पानं लांबतात आणि तुरा येत नाही. पानं फुटेपर्यंत पाणी बेतानं. लावल्यापासून फुलायला तीन-चार महिने धरा.

मुळांना गाठी आलेल्या दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत, समजा. त्या जागी पुढच्या खेपेला झेंडू लावा, निंबोळी पेंड घाला, आणि कंद दुसरीकडे. माती तपासायची असेल तर जुन्या गोव्याला एला इथं किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथं चौकशी करा. वाण निवडायचा झाला तर एकेरीत 'शृंगार' आणि 'प्रज्वल', दुहेरीत 'सुवासिनी' आणि 'वैभव'. हे चारही बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं काढलेले. घरच्या हाराला आणि वासाला एकेरीच घ्या.

हावडा_ते_हरमल

आईचं वय झालंय, वाफे उकरणं तिला जमणार नाही. कुंडीत होईल का? आणि पावसात कुंडी कुठे ठेवायची?

परसातली_दिचोली

कुंडीत उत्तम होतो, उलट पावसाचा प्रश्नच मिटतो. दहा-बारा इंची कुंडी, तळाला कौलाचे तुकडे, एका कुंडीत तीन-चार कंद, जास्त नको. आईंना ऑक्टोबर उलटल्यावर लावायला सांगा, पाऊस पूर्ण थांबला की. म्हणजे फेब्रुवारीपासून तुरे येतील आणि उन्हाळाभर एकामागून एक चालतील. तुरा वाऱ्यानं लवतो, बारीक कामटी लावून सैल बांधा.

मे अखेरीस पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडा आणि कुंड्या पडवीत, झड येणार नाही अशा भिंतीकडे आडव्या करून ठेवा. कंद काढायचीही गरज नाही. काढलेच तर सावलीत वाळवून, माती झाडून, कोरड्या रेतीत किंवा सुपात पसरून ठेवा, चुलीपासून लांब आणि उंदरांपासून उंच. गणेश चतुर्थीच्या सुमाराला एखादा दाबून बघा, मऊ लागले ते फेकून द्या. बाकीचे दसऱ्यानंतर नव्या मातीत.